मिल्टन पाशेकचं जन्मस्थान

जुलैतल्या त्या रविवारी दुपारी अमेरिकेतल्या केनोशा शहराच्या सरोवराकाठच्या बागेतून एखादा परका माणूस चालत गेला, तर तो पहिल्यांदा पोलिसांना बोलावेल. झाडांच्या सावलीत वीस-बावीस जुन्या गाड्या ओळीनं उभ्या, उपड्या घातलेल्या न्हाणीच्या टबासारख्या गोल, गुबगुबीत, आणि खिडक्याखिडक्यांतून माणसांचे पाय बाहेर आलेले. काही पायांत मोजे, काही अनवाणी, एका अंगठ्यावर तर फुलपाखरू बसलेलं. हालचाल म्हणून नाही. मात्र जरा जवळ जाऊन कान दिला, की कळतं, सगळे टब घोरताहेत.

नॅश एअरफ्लाइट गाडीच्या भक्तांची ही वार्षिक वामकुक्षी. इतर गाड्यांचे क्लबही उन्हाळ्यात जमतात, पण ते बॉनेट उघडून इंजिनाकडे टक लावून बसतात, एकमेकांचं क्रोम पुसतात, शर्यती लावतात. नॅशवाल्यांना शर्यत लावून उपयोग नाही. एक तर या गाडीची चाकं पत्र्याखाली झाकलेली. त्यामुळे ती वळायची तीसुद्धा एखाद्या लठ्ठ मावशीनं चर्चच्या बाकावर कूस बदलावी तशी. पण पुढच्या सीटची पाठ मागे पाडली, की ती मागच्या सीटला टेकायची आणि चांगला ऐसपैस बिछाना तयार व्हायचा. कंपनी वर गादी आणि खिडक्यांना डासांची जाळी विकायची. त्या काळातल्या बापांनी मुलींना बजावून ठेवलं होतं, पोरगा कसलाही आण, नॅशवाला आणू नकोस. मुलींनी किती ऐकलं, ते या क्लबाच्या सभासदसंख्येवरून दिसतंच.

ही वामकुक्षी सुरू होते आणि संपते ती मिल्टन पाशेकच्या घंटेनं. क्लबातला हा सगळ्यात मोठा मान. तो मिल्टनला मिळण्याचं कारण एकच. बाकीच्यांनी नॅश विकत घेतली होती किंवा सासऱ्याकडून उपटली होती. मिल्टन नॅशमध्ये जन्मला होता.

याखेरीज मिल्टनच्या नावावर कसलाही पराक्रम नव्हता. आयुष्यभर त्यानं शाळेची बस चालवली. बॉलिंगच्या संघात तो राखीव खेळाडू, चर्चच्या गाणाऱ्यांत शेवटच्या रांगेत. लग्न एकदा झालं होतं, पण बायको मिनेसोटाला बहिणीकडे राहायला गेली आणि तिला तिकडेच बरं वाटलं. भांडण नाही, तंटा नाही. भांडावं इतकं मिल्टनमध्ये काही सापडलंच नसावं. पण जुलैतल्या या एका रविवारी तो राजा असे. बर्फासारखा पांढरा शर्ट घालून बापाच्या निळ्या नॅशच्या बॉनेटला टेकून उभा राही आणि गोष्ट सांगे.

"फेब्रुवारी महिना. सरोवरावरून वादळ आलेलं. हाताला हात दिसेना. इस्पितळाच्या वाटेवर गाडी रुतली. बाप म्हणाला, अगाथा, जरा धीर धर. आई म्हणाली, स्टॅन, मी धरीन, हा धरणार नाही! बापानं सीट पाडली, कारखान्याचा कोट अंथरला, आणि मी आलो!"

दरवर्षी टाळ्या पडत. दरवर्षी बर्फही वाढे. पहिल्या वर्षी तो बंपरपर्यंत होता, आता छतापर्यंत आला होता.

फक्त एक माणूस ही गोष्ट ऐकायला कधी थांबत नसे. लॉइड बर्गस्ट्रॉम, क्लबाचा इतिहासकार. पूर्वी औषधांचं दुकान चालवलेला, काटकुळा, काट्यावर तोलूनच बोलणारा. एका सभासदाच्या अंत्यविधीत पाद्री म्हणाले होते, "हे आपली लाडकी पन्नास सालची नॅश मागे ठेवून गेले," तर मागच्या बाकावरून लॉइडचा आवाज आला होता, "एकोणपन्नास. मागची काच बघा, लहान आहे." असा माणूस. पण मिल्टननं "फेब्रुवारी महिना" म्हटलं, की लॉइड उठायचा, "बर्फ संपलाय, घेऊन येतो," म्हणायचा आणि थेट दुकानाकडे चालू लागायचा. जळतो मेला, असं मिल्टनचं मत होतं.

यंदा गाडीला साठ वर्षं झाली, मिल्टनलाही झाली. क्लबाची अध्यक्षीण एल्व्हीरा कापुटो हिनं ठरवलं, की डॅशबोर्डवर पितळी पाटी बसवायची: 'मिल्टन पाशेक या गाडीत जन्मला.' आणि पाटी बसवताना साक्षात त्याच्या आईनं दोन शब्द बोलायचे. अगाथा पाशेक शहाऐंशी वर्षांची, ठणठणीत, आणि आजवर एकदाही सहलीला न आलेली. "जी गाडी मी बादलीभर पाण्यानं धुतली, ती बघायला मी उन्हात कशाला बसू?" असं तिचं म्हणणं. एल्व्हीरानं तिला कसं पटवलं कोण जाणे. एल्व्हीरापुढे नाही म्हणायला फार दम लागतो.

मिल्टनला मात्र आईच्या भाषणाची धास्ती होती. ही गोष्ट त्यानं ऐकली होती बापाकडून. बाप जाऊन वीसेक वर्षं झाली. आईला जेव्हा जेव्हा त्यानं वादळाबद्दल विचारलं, तेव्हा तेव्हा तिनं त्याला बटाटे सोलायला बसवलं होतं.

रविवारी सकाळी आई चर्चची टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि तिनं नाक फेंदारलं.

"अजून तोच वास."

"कसला गं?"

"तुझ्या ओकारीचा."

मिल्टनला बरं वाटलं. हा एक प्रकारचा पुरावाच होता.

"आई, एल्व्हीरा तुला बोलायला सांगेल हं. थोडक्यात सांग. वादळ वगैरे."

"कुठलं वादळ?"

"फेब्रुवारीतलं!"

"फेब्रुवारीत बर्फ पडतोच. समोर बघून चालव."

बागेत आधी आठवणींचा कार्यक्रम झाला. एल्व्हीरानं आपली नेहमीची सांगितली. तिचा नवरा तेव्हा नुसता मित्र होता. तो पहिल्यांदा नॅश घेऊन दारात आला, तेव्हा तिचे वडील हत्यारांची पेटी घेऊन बाहेर आले, सीट पाडायच्या दोन्ही खिट्ट्या त्यांनी काढून घेतल्या आणि म्हणाले, "आता खुशाल फिरा." लग्नाच्या दिवशी आहेराच्या टेबलावर एक छोटीशी डबी होती. तीत त्या दोन खिट्ट्या!

"तेल लावून पॉलिश केलेल्या होत्या हो," एल्व्हीरा म्हणाली आणि दरवर्षीप्रमाणे हसता हसता तिचे डोळे भरले. "बरं, आता मिसेस पाशेक, तुम्ही बोला."

"आधी जेवण," अगाथा म्हणाली.

सॉसेज झाले, बटाट्याचं सॅलड झालं, चेरीची पेस्ट्री झाली.

"आता?"

"आता झोप. या वयात भरल्या पोटी भाषण केलं तर मी वर जाईन. पाटी घेऊन बसाल तुम्ही."

मिल्टननं घंटा वाजवली. ओळीतल्या सीटा एकामागून एक पडल्या, खिडक्यांतून पाय बाहेर आले. मिल्टननं आईची सीट पाडली, तिची टोपी डॅशबोर्डवर ठेवली, स्वतःची सीट पाडून तिच्या बाजूला आडवा झाला. सरोवरावरचा वारा या खिडकीतून येऊन त्या खिडकीतून जात होता. छताच्या राखाडी कापडावर पानांच्या सावल्या पोहत होत्या. गाडी उभी होती, पण वाटत होतं, कुणीतरी ती किनाऱ्यावरून सोडून दिली आहे आणि ती संथपणे पाण्यावर निघाली आहे.

"इथंच ना गं?" मिल्टन हळूच म्हणाला.

आईनं डोळे मिटलेलेच ठेवले. इथं बटाटे नव्हते.

"इथं कुठं? इस्पितळात झालास तू. चांगली खाट होती. नर्सला मिशी होती. तुझा बाप खाली झोपला होता बाकावर."

मिल्टनला वाटलं, सावल्या पोहायच्या थांबल्या.

"मग बाबा..."

"तू झोपायचा नाहीस," आई म्हणाली. "जन्मलास तो डोळे सताड उघडे ठेवूनच. डॉक्टर झाले, फादरनं पाणी शिंपडलं, माझ्या सासूनं पोलिश ओव्या म्हटल्या. छे! वसंतात स्टॅननं ही गाडी आणली. कारखान्यातली दुसरी पाळी संपवून यायचा, तुला उचलायचा आणि सरोवराच्या रस्त्यानं हळूहळू न्यायचा. पहिल्या वळणालाच तू ढाराढूर. घरात आणलं की जागा. पुन्हा गाडीत टाकलं की झोप. शेवटी आम्हीच इथं राहायला आलो."

"म्हणजे?"

"सबंध उन्हाळा. तिघं. अंगणात गाडी, गाडीत आम्ही. घरात नवा पलंग, त्यावर मांजर. शेजारी विचारायला लागले. आता माणूस काय सांगणार, की हातभर पोरानं आम्हाला घराबाहेर काढलंय? स्टॅन म्हणाला, काय करता, तो त्या गाडीतच जन्मलाय, त्याला तेच घर वाटतं. मग गोष्टच झाली त्याची. तुला इतकी आवडायची की म्हटलं, राहू दे."

तिनं कूस बदलली.

"त्या उन्हाळ्यात झोपले तशी मी पुन्हा कधी झोपले नाही," ती म्हणाली आणि तिचा श्वास लांबला. झोपली.

मिल्टन उठला. बाहेर सगळीकडे संथ घोरणं चाललं होतं. एकटा लॉइड जागा होता, बर्फाच्या पेटीवर बसून पितळी पाटी रुमालानं पुसत होता.

"लॉइड, ती पाटी..."

"एप्रिल," लॉइड म्हणाला.

"काय?"

"तुझी गाडी कारखान्यातून एप्रिलमध्ये बाहेर पडली. बॉनेटखाली नंबर आहे, त्यावरून कळतं. तू पहिल्यांदा आलास त्याच दिवशी वाचला मी."

"म्हणजे वीस वर्षं तुला माहीत होतं?"

"बावीस."

"आणि बोलला नाहीस? तू?"

"म्हणून तर बर्फ आणायला जायचो, लेका. इथं बसलो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं." लॉइडनं पाटी उलटी केली. "आपल्याला एवढा बर्फ कधी लागतो का, मिल्ट? आमच्या मागच्या दारी ओतून द्यायचो मी तो. बायकोचे गुलाब गेले त्यात."

मिल्टन त्याच्या शेजारी पेटीवर टेकला.

"लावून टाक," लॉइड म्हणाला. "स्क्रू आणलेत मी. तुझी आई सांगायची नाही, मी सांगायचा नाही. मी आपला जातो बर्फ आणायला."

मिल्टननं पाटी हातात घेतली. उन्हात त्याचं नाव चमकत होतं. बॉलिंगच्या राखीव खेळाडूची पाटी कुणी करत नाही, बसच्या ड्रायव्हरचीही नाही. उद्यापासून आपण कोण, हे त्याला खरंच सुचेना. पण गाडीच्या खिडकीतून आईचे पाय बाहेर आले होते. तेही इथं नांदायला आल्यासारखे, एकावर एक टाकलेले. तो पाटी मांडीवर घेऊन बसून राहिला.

वामकुक्षी संपवायची वेळ कधीच टळली होती. मिल्टननं घंटा वाजवली नाही. आई झोपलेली होती. मंडळी आपापली उठली, डोळे चोळत आली, तेव्हा मिल्टननं ओठांवर बोट ठेवलं आणि घोगऱ्या, दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. इस्पितळ, मिशीवाली नर्स, अंगणातला उन्हाळा. वीस-बावीस माणसं चवड्यांवर उभी राहून ऐकत होती.

"तर पाटी नको," तो शेवटी म्हणाला. "घंटाही दुसऱ्या कुणाला द्या."

एल्व्हीरा कंबरेवर हात ठेवून पुढे आली. ती कुजबुजली, म्हणजे बाकीच्यांनी ओरडावं तेवढ्या आवाजात.

"काय रे गाढवा, तू बावीस वर्षं ही गोष्ट सोडून ते वादळ सांगत होतास?"

"मला कुठं माहीत होतं!"

"इथं आम्ही वर्षातून एक दुपार झोपतो आणि स्वतःला भक्त म्हणवतो. हा माणूस घर, पलंग, आजीची गाणी सगळं नाकारून याच गाडीत झोपला! आईबापांना घेऊन! वादळात काय, टॅक्सीतसुद्धा पोरं होतात. घंटा कुणाला द्यायची म्हणतोस?"

"शूऽऽ," सगळे म्हणाले.

"पाटीचं काय?" लॉइडनं विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो गोष्ट संपेपर्यंत जागेवर होता, आणि त्याचा चेहरा दात काढून घेतलेल्या माणसासारखा मोकळा दिसत होता. बर्फाच्या पेटीच्या झाकणाची बिजागरी तुटली होती, ती पाटीनं जोडता येईल, असं कुणीतरी सुचवलं. लॉइडनं अक्षरांची बाजू आत करून ती तिथंच स्क्रूंनी बसवली.

इतक्यात गाडीत आई चुळबुळली. ऊन कलून तिच्या तोंडावर आलं होतं. तिनं झोपेतच कण्हल्यासारखं केलं.

"उठतायत," एल्व्हीरा म्हणाली. "चालव. बघतोस काय माझ्याकडे? तुझ्या बापानं काय केलं होतं?"

मिल्टननं आईचे पाय अलगद आत घेतले, आपल्या सीटची पाठ आवाज न करता उभी केली आणि इंजिन सुरू केलं. निळी नॅश गवतावरून रस्त्यावर आली आणि सरोवराच्या कडेनं चालू लागली. पाणी गुलाबी झालं होतं. आरशात मागे बघितलं, तर हिरवे, राखाडी, पिवळे, सगळे टब एकामागून एक वळत येत होते, आणि पहिल्या टबात एल्व्हीराशेजारी लॉइड बसला होता.

पहिलं वळण आलं. मागे टेकलेल्या आईचं कण्हणं थांबलं. तिनं डोळे न उघडता हात पुढे केला आणि मिल्टनच्या बाहीला धरलं.

"हळू, स्टॅन," ती म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

मिल्टननं पाय थोडा उचलला. मागची सगळी रांगही हळू झाली.