तव्यावर घेतलेला आळ

संध्याकाळ झाली की माझं अंग तापायचं आणि मी दोष तव्याला द्यायचे. कोपर स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात तव्यापुढे उभं राहायचं, मग अंग गरम होणार नाही तर काय? खोकला पिठामुळे. झोपेत घाम यायचा, तो खोलीच्या पत्र्यामुळे. ड्रेस सैल झाले, त्याचा तर मला आनंदच झालेला. आठवीत शाळा सोडून बुलढाण्याकडून एकटी आलेली मी. आजारपणाचं नावच नको होतं.

सोमवारी केंद्र बंद. त्या दिवशी मालकीणबाईंकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, तांदूळ निवडायला गेलेले. संध्याकाळी चहाचा कप देताना त्यांचा हात लागला.

"अगं, केवढी तापलीयेस!"

"तव्यामुळे, काकू."

"आज तवा पेटलाय कुठे?"

मी चहा फुंकायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी खोकला कधीपासून, भूक लागते का, सगळं विचारलं. बेडका तपासायला घेतला आणि छातीचा फोटो काढायला लावला. फोटो मी उजेडाकडे धरून बघितला. दोन्हीकडे काळंच काळं! फक्त एका बाजूला वर थोडं पांढरं.

"मॅडम, चांगलं एवढंच उरलंय?"

त्या हसल्या. "उलटं गं! काळी दिसते ती हवा. पांढरं आहे तिथे गडबड."

बेडक्याच्या तपासणीत नक्की झालं, टीबी. औषध फुकट, नेमानं घेतलं की पूर्ण बरी होशील, असं त्या सांगत होत्या. माझ्या डोक्यात एकच: आता काकू घरी पाठवणार.

रिक्षात मीच विचारलं, "काकू, गावी जाऊ का?"

"तिकडे काय पोळ्यांची ऑर्डर आलीये? गोळ्या इथेच घ्यायच्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत केंद्रात पाऊल टाकायचं नाही. डबा पाठवते."

काकूंची आणि भाजी करणाऱ्या ताईंचीही तपासणी झाली. दोघींचे फोटो साफ. "माझा एवढा चांगला फोटो लग्नातसुद्धा आला नव्हता," काकू म्हणाल्या.

माझ्या जागी ताई पोळ्या लाटू लागल्या. डबा त्याच आणून दारात ठेवायच्या. काही आठवड्यांनी मी आतूनच म्हटलं, "ताई, कडा कच्च्या राहतायत हो."

"बघा, महाराणीला भूक लागायला लागली!"

त्यांनी लगेच काकूंना फोन लावून माझी तक्रार सांगितली आणि स्पीकर चालू केला.

"गिऱ्हाईकंही तेच म्हणतायत," काकू ओरडल्या. "लवकर बरी हो बाई, तुझी जागा कोणाला दिलेली नाही!"

ताई फणकारत गेल्या. मी डबा आत घेतला आणि कच्च्या कडांसकट सगळ्या पोळ्या संपवल्या.