नालवाडीतलं घर आणि बाराही महिन्यांचं हवामान

यांच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी नागपूरच्या फेऱ्या वाढल्या, तेव्हा तिथे राहणारी मुलगी म्हणाली, "आता इकडेच या." म्हणून वर्ध्याजवळच्या नालवाडीतलं घर विकायला काढलं. नेमकं एप्रिलच्या तोंडावर.

दलाल सेलूचा. गिऱ्हाईक आणायचा ते भर दुपारी. "सकाळी आणा ना हो," मी म्हणायची. तो म्हणायचा, "काकू, लोकायले दुपारचीच सवड भेटते." मग मी अकरापासून कूलर लावून ठेवायची, अंगणात पाणी मारायची. पहिलंच गिऱ्हाईक एक दुकानदार होता. पश्चिमेच्या खोलीत त्यानं भिंतीला तळहात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "भट्टी हाये ही तं!" त्याची बायको स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा आली नाही.

दुसऱ्यानं भिंतीच्या भेगेत बोट घातलं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, तिच्यासोबत भिंतही तडकते. हे कौतुकानं सांगायला लागले, "पाऊस पडला की आपोआप मिटते."

"म्हंजे घर हालते?" त्यानं विचारलं आणि चहा न घेताच गेला.

"तुम्हाला विचारलं होतं का कोणी?" मी यांच्यावर चिडले.

"मग खोटं बोलू?"

"गप्प तरी बसा!"

पावसाळ्यात भेग खरंच मिटली, पण बाकीचं सगळं उघडं पडलं. गल्लीतल्या चिखलात एका कुटुंबाची गाडी रुतली. ती काढता काढता सगळे गुडघ्यापर्यंत माखले. आमच्याकडे पाय धुतले, टॉवेल मागितला आणि बैठकीतूनच परत गेले. कोपऱ्यात ओल आली होती, तिच्यापुढे मी कपाट सरकवलं होतं. पुढच्या बाईनं नेमकं विचारलं, "कपाटामागं काय हाये?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "ओल."

हिवाळ्यात मात्र घर असं देखणं दिसायचं की मलाच विकावंसं वाटेना. लोक यायचे, गच्चीवर उन्हात बसून संत्री खायचे, "मस्त हाये" म्हणायचे. एकाचं जवळजवळ ठरलंही. तेवढ्यात पौष लागला. "पौषात कोनी घर घेते काय?" असं म्हणून तो थांबला, आणि संक्रांतीनंतर त्यानं दुसरीकडे फ्लॅट घेतल्याचं कळलं. त्या दिवशी मी दलालाचा फोनच उचलला नाही.

फेब्रुवारीत आष्टीकडचं एक जोडपं आलं. नवरा शेती करायचा, बायकोला वर्ध्यात नर्सची नोकरी लागली होती. ते फाटकातून आत शिरले आणि आभाळ फुटलं. वारा, पाऊस, वर बोराएवढ्या गारा. वीज गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीवरून पाणी टपकायला लागलं. मी त्याखाली बादली आदळली, आणि वर्षभर दाबलेलं सगळं तोंडून बाहेर आलं.

"बघून घ्या! इथून गळतं. ती भिंत उन्हाळ्यात तडकते. पश्चिमेची खोली मे महिन्यात भट्टी होते. आणि पावसाळ्यात गल्लीत गाडी आणू नका, रुतते!"

हे आ वासून माझ्याकडे बघत राहिले.

ती बाई मोबाइलचा उजेड छतावर पाडत खोलीखोलीत फिरून आली. नवरा गावी फोन लावत होता. लागला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "चना झोपला काय सारा?" पलीकडचं ऐकून तो पायरीवर बसला. वाऱ्यानं आमचं नुसतं गिऱ्हाईक पळत होतं, त्याचं उभं पीक आडवं झालं होतं. त्याच्यापुढे माझा वैताग फारच लहान होता. पण खरं सांगते, तो गेला मात्र नाही. मी चहा ठेवला.

बाईनं कप हातात घेत म्हटलं, "काकू, एकच जागा गळून राह्यली. बाकीचं छत कोरडं हाये."

"आणि भेग?"

"आमच्या गावात कोनाच्या घराले नाई?"

गारा थांबेपर्यंत दोघं बसले. चार दिवसांनी त्यांचा होकार आला.

रजिस्ट्रीच्या दिवशी आम्ही वर्ध्याला कचेरीत गेलो. ऊन कोवळं, हवा गार, रस्ता कोरडा ठणठणीत. तशा हवेत घर बघून गेलेल्या एकानंही ते घेतलं असेल तर शपथ! हे म्हणाले, "किती छान दिवस आहे."