हिरव्या बांगडीचा राहिलेला तुकडा

त्या दुपारी नाशकातल्या अंबडच्या आमच्या शेडात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझा लेक होता, ज्याची ही कंपनी हाय. माझी सून, ती ऑफिस बघते. पुण्याहून पगारावर आणलेला क्वालिटीचा साहेब, वयानं पोरगेलाच. फिरत्या पट्ट्यावर माल निवडणाऱ्या बाया, अन् त्यांच्यात पेठ तालुक्याकडची एक पोरगी, नुकतं लग्न झालेली. फाटकात ट्रकवाला गाडी लावून बसलेला. बाकी कोणी नव्हतं.

आम्ही बेदाणा निवडून पॅक करतो. सुरवातीला मी, माझे मालक, आता ते नाहीत, अन् आळीतल्या चार-पाच बाया, पत्र्याखाली सूप घेऊन बसायचो. कोणाचं बोट कापलंय, कोणाला खोकला हाय, समदं डोळ्यापुढं असायचं. आता शंभराच्या वर माणूस हाय. निम्म्यांची तोंडं मला ओळखू येत नाय. लेक म्हणतो, "आई, आपण ना लहान राहिलो ना मोठे झालो. मोठ्या कंपनीत एकेका कामाला एकेक साहेब असतो. आपल्याकडं एकच. तोच माल बघतो, तोच कागद बघतो, तोच बाया बघतो." ते मला तवाच खटकलं होतं. पण मी चौथी शिकलेली, काय बोलणार.

त्यात परदेशाची ऑर्डर आली. पहिला कंटेनर नीट पोचला तर वर्षभर माल जाणार होता. लेकानं शेजारचा गाळा घेऊन ठेवला. बायांना म्हणाला, तुमच्या बहिणी-जावा आणा, समद्यांना काम देतो. बाया लय खूश झाल्या.

मग साहेबानं नियम सांगितला. पट्ट्यावर बसताना हातात बांगडी, अंगठी, काही नको. बाया तिथंच अडल्या.

सून म्हणाली, "सकाळी काढून ठेवा, संध्याकाळी परत घाला. त्यात काय एवढं?"

एक जुनी बाई होती आमच्यातली, ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या सोन्याच्या हायेत. सरकवल्या अन् चढवल्या. आमच्या काचेच्या, दाबून भरलेल्या. काढायच्या म्हणजे फोडायच्या. नवऱ्याला काय सांगू, तू हाईस पण बेदाण्यापायी फोडल्या?"

समद्या हसल्या. सुनेनं स्वतःच्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या. तरी कोणी हललं नाय. नव्या नवरीच्या हातात तर कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. तिला कोण काढ म्हणणार?

लेकानं मधला मार्ग काढला. कापडाच्या बाह्या शिवून घेतल्या, दोन्ही टोकांना इलास्टिक. बांगड्या आत, वरून बाही. साहेब म्हणाला, "सर, हे चालत नाही." लेक म्हणाला, "घरच्याच बाया हायेत साहेब. घरच्यासारखंच चालतं इथं." साहेबानं ऐकलं. नोकरीला नवा होता.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती पोरगी हात धुवायला गेली. परत आली तर तोंड पांढरं पडलेलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, एक बांगडी नाय."

बाही काढून झटकली. तुकडे पडले. इलास्टिक सैल झालं होतं. आणखी दोन-तीन तुकडे पट्ट्याखाली फरशीवर सापडले. सून गुडघ्यावर बसली अन् पांढऱ्या रुमालावर एकेक तुकडा जोडत गेली. गोल होत आला. एका जागी नखाएवढी फट राहिली.

पट्टा बंद केला होता. वरचे पंखे तेवढे फिरत होते. त्या फटीकडं बघवत नव्हतं अन् नजर बी निघत नव्हती.

लेक म्हणाला, "बसमध्ये पडला असंल. रस्त्यात पडला असंल."

पोरगी रडत म्हणाली, "निघताना सासूनं हात धरून बघितलाय भाऊ. एक बी कमी नव्हती."

"तपासायच्या मशीनमधून माल जातोच की," लेक साहेबाला म्हणाला.

साहेब म्हणाला, "सर, ते मशीन लोखंड पकडतं. काच नाही पकडत."

सकाळपासूनचा माल गाडीत भरलेला होता. ट्रकवाला आत डोकावला. "शेठ, निघू का? उशीर झाला तर बंदरात घेत नाहीत."

"अहो, गाडी सोडू नका," सून म्हणाली.

"पहिला कंटेनर हाय. तुला कळतं का काय बोलतेस?"

"कोणाच्या तरी तोंडात जाईल ते."

लेक माझ्याकडं वळला. कपाळाला घाम. "आई, तू सांग."

मला दोन्हीकडची भीती. गाडी थांबली तर ऑर्डर जाईल, गाळा रिकामा राहील, ह्या बायांच्या बहिणी-जावा घरी बसतील, लेक खचंल. अन् गाडी गेली तर? लहान पोरं मूठभर बेदाणा तोंडात टाकतात, चावत बी नाय. कोणत्या देशात, कोणाचं पोर, मला कधी कळायचं बी नाय. मी म्हणले, "खाली कर गाडी."

नव्या गाळ्यात चादरी अंथरल्या अन् खोकी फोडून ओतली. बाया ओणव्या होऊन दाणा दाणा बघत होत्या. दिवस मावळला तरी तुकडा सापडला नाय. तो माल गुरांना बी घालता येईना. खड्डा करून पुरला.

लेकानं परदेशात माल घेणाऱ्याला फोनवर समदं खरं सांगितलं. तिकडचा माणूस रागावला नाय, म्हणाला, आमची माणसं येऊन बघतील, मग ठरवू. अजून कोणी आलेलं नाय. गाळ्याला कुलूप हाय. बाया रोज विचारतात, आजी, आले का ते? आता समद्या बांगड्यांविना रिकाम्या हातानं येतात, ती पोरगी बी. सासू तिच्याशी बोलत नाय.

पण माझी झोप दुसऱ्याच गोष्टीनं गेली. साहेब सुनेला म्हणाला, "मॅडम, बाह्या बरेच दिवस चालू आहेत. ह्या बांगडीआधी काही फुटलं असेल तर आपल्याला कुठं माहीत आहे?" तो आधीचा माल लहान पाकिटांतून इथंच गेला होता, नाशकात अन् देवळाली कॅम्पच्या बाजारात. लेकानं दुकानादुकानांतून शिल्लक पाकिटं परत आणली. पण विकली गेली ती विकली गेली. ती घराघरात हायेत.

म्हणून हे वाचणाऱ्याला हात जोडून एवढंच मागते. घरात बेदाणा असंल, पाकिटातला असो का सुट्टा, कोणाचा बी असो, तर पोरांच्या हातात द्यायच्या आधी तो उजेडात पसरा अन् एकदा बोटानं फिरवून बघा.