गुणी पोर

सखुबाईच्या हातात जादू आहे असं ठाण्यातल्या बायका म्हणतात. मला जादूबिदू पटत नाही. पंचवीस वर्षं ही बाई आमच्या दिवा गावाहून जाऊन घोडबंदरच्या उंच इमारतींत बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालते. हात बसलाय, एवढंच. पण कितीही किंचाळणारं बाळ असो, ती त्याला पायांवर घेते, टाळूवर तेल घालते, हळू आवाजात बडबडत राहते आणि ते निवतं. मी तिची शेजारीण. माझ्या दोन्ही नातवंडांच्या वेळी हे पाहिलंय.

स्वतःची मुलगी मात्र तिच्या कधी जवळ आली नाही. दिशा सहा महिन्यांची असताना मिठागर बंद पडलं, नवऱ्याचं काम सुटलं आणि सखुबाई दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालायला बाहेर पडली. दिशा घरी झोळीत, राखायला सासू. सासूला ऐकू कमी यायचं. पोर आधी तासन्‌तास रडायची, मग रडायचीच थांबली. सखुबाई कौतुकाने सांगायची, "माजी पोर गुनी हाय, हूं की चूं करत नाय." आम्ही माना डोलावल्या. मीसुद्धा. आज स्वतःचाच राग येतो.

दिशा तशीच मोठी झाली. पाठवणीलाही रडली नाही. गेल्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. तो रडू लागला की हिचा चेहरा दगड व्हायचा. बाळ खाली ठेवून ओट्याशी जाऊन उभी राहायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. एके सकाळी मला म्हणाली, "काकू, ह्याला इथेच आईकडे ठेवून मी जाणारे. मला नाही जमत."

मी सखुबाईला हे सांगितलं तशी तिने हातातली पिशवी खाली ठेवली. त्याच आठवड्यात एका घरी बाळांच्या डॉक्टरीणबाई नव्या आईला समजावत होत्या, ते तिने ऐकलं होतं, ते मला सांगू लागली. तान्ह्याला स्वतःला शांत करता येत नाही. कुणी जवळ घेऊन शांत केलं, रोज केलं, की मेंदू ते शिकतो. कुणीच आलं नाही तर बाळ हाक मारायचं सोडतं, पण आतली तगमग तशीच राहते.

"वयनी, ती गुनी नवती," सखुबाई म्हणाली. "ती थकली व्हती."

मी चिडलेच. "मला काय सांगतेस? तिला सांग. आणि आता काही होईल का, डॉक्टरीणबाईंना विचारलंस?"

"इचारलं. उशिरा बी होतं म्हनाल्या, पन कोनीतरी जवल बसाय लागतं. दिशाला दाखवायला बी आन म्हनाल्या."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. मी अंघोळीचं पाणी तापवून दिलं. बाळ रडायला लागलं, दिशा उठून निघाली. सखुबाईने तिलाच हात धरून बसवलं आणि तिच्या डोक्यावर तेल घातलं.

"मला काय करतेस? त्याला घे ना!"

"त्याला तू घे. तुला मी घेते."

दिशाने बाळ उचललं. अंग ताठच होतं. सखुबाई मागे टेकू होऊन बसली आणि केसांतून बोटं फिरवत राहिली. बाळाकडे बघत दिशा म्हणाली, "आई, मी पण अशीच रडायचे?"

"जाम रडायचीस. आजीला आयकू येत नवतं आनि मी हितं नवते. तू गप झालीस तवा मी खूश झाले, पोरी."

दिशाला हुंदका फुटला. बाळाला छातीशी धरून ती मोठ्याने रडू लागली. इतक्या वर्षांत मी तिचं रडणं ऐकलं नव्हतं. तिला उगी करायला मी पुढे झाले, तर सखुबाईने हातानेच थांबवलं.

"रडू दे, वयनी. या वेलेला मी हाय."