तिसरा काय करी

चाल करण्याआधी पट गरकन फिरवायची आबांना खोड होती. आपण डोकं धरून बसलेलो, घोडा कुठे टाकायचा ते मनात पक्कं झालेलं, आणि आबा ती प्लायवूडची सहा कोपऱ्यांची फळी पेंटच्या डब्यावर अशी फिरवायचे की आपली फौज त्यांच्यासमोर आणि त्यांची भलत्याच्याच पुढ्यात. वर म्हणायचे, "तिसरा काय करी, ते देख." बघून झालं की फळी पुन्हा जागेवर. तोवर दोन प्यादी खाली पडलेली असायची आणि माझं डोकं तापलेलं.

जळगाव स्टेशनबाहेरच्या आमच्या रिक्षास्टँडवर ते सगळ्यांत म्हातारे. मूळचे दोंडाईच्याकडचे, बोलणं शेवटपर्यंत अहिराणीच. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, ह्या माणसाच्या चपलेत खडा आहे. दोन मिनिटं एका जागी बसणं नाही. उठायचे, रिक्षाची काच पुसायचे, गाडी आली का बघायचे, परत येऊन उकिडवे बसायचे. त्यांच्या सोबत बसून मलाही उगाच घड्याळ बघायची सवय लागली.

स्टँडवर बुद्धिबळ आधीही चालायचं, पण खेळणारे दोन आणि शिकवणारे दहा. आबांनी कुठूनसा तिघांचा पट पाहिला आणि घरी करवत चालवून तसाच बनवला. प्रत्येकापुढे आठ घरांच्या चार ओळी, तिन्ही फौजा मधोमध भिडलेल्या. मोहरी नेहमीचीच. पांढरी, काळी, आणि तिसरी रेडऑक्साईड फासून लाल केलेली. चाल एकाकडून त्याच्या डावीकडच्याकडे जायची. मधल्या टोकाशी आलं की रेघा वाकतात आणि उंटाला दोन वाटा फुटतात. तिथे नवा माणूस हमखास गोंधळतो. ज्याच्या राजाला मात, त्याची फौज मात देणाऱ्याची. हा झाला खेळ.

त्यात आबांनी स्टँडचा म्हणून एक नियम घातला. डाव चालू असताना नंबर लागला आणि माणूस पॅसेंजर घेऊन गेला, तर त्याची मोहरी जिथल्या तिथे उभी राहतील. हलणार नाहीत आणि कुणी मारायचीही नाहीत. दुसऱ्यांनी वळसा घालून जायचं.

लाल फौज आबांची, पांढरी माझी, काळी माझ्या धाकट्या भावाची. आता हे सांगताना जीभ जड होते, पण आम्ही दोघे भाऊ एकाच स्टँडवर रिक्षा लावायचो, एकाच घरात जेवायचो आणि तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. आई मध्ये बसून ह्याचा निरोप त्याला सांगायची.

कारण म्हटलं तर एवढंसं. फैजपूरला जाणारं एक कुटुंब बॅगा घेऊन उतरलं. लांबचं भाडं. नंबर धाकट्याचा होता, तो पाणी प्यायला गेला होता. मी बॅगा उचलल्या आणि निघालो. मी परत आल्यावर त्याने चारचौघांत विचारलं तेव्हा म्हणालो, पॅसेंजरला घाई होती. घाई कसली? मला लांबचं भाडं हवं होतं. स्टँडवर नंबर तोडणं म्हणजे काय, हे रिक्षावाल्यालाच कळेल. दुसऱ्याने तोडला असता तर तो भांडून मोकळा झाला असता. भावाने तोडला म्हणून तो गप्पच झाला.

आबांनी आम्हाला खेळायला बसवलं ते कसं, मला आजही नीट सांगता येत नाही. पण बसलो खरे. दोघांत तिसरा असला की एकमेकांकडे बघावं लागत नाही. कुणाची चाल हेही आबाच सांगायचे. माझ्याकडे बोट करून "तुनी चाल", मग त्याच्याकडे. आम्ही मुकाट्याने मोहरी सरकवायचो. असे चार-पाच महिने गेले.

मग मेमधली ती दुपार. डांबर मऊ झालेलं, गाड्या उशिरा. माझं डावात लक्ष नव्हतं. एक गाडी आली. आबा ताडकन उठले आणि एका जोडप्याच्या बॅगा उचलून रिक्षात टाकू लागले. जाता जाता म्हणाले, "मनी फौजले हात लावाना नही." आणि गेले.

पटावर आम्ही दोघे उरलो, मध्ये लाल मोहरी उभी. शेवटची चाल कुणी केली होती, मला आठवेना. त्यालाही आठवत नसावं. तो पटाकडे बघे, मी रस्त्याकडे. शेवटी धाकटाच बोलला.

"कोनी चाल शे?"

तीन वर्षांनी तो माझ्याशी बोलला होता. मी म्हणालो, मले बी ठाऊक नही. मग तो एकदम रस्त्याकडे वळून म्हणाला, "नंबर मना व्हता."

मी रांग पाहिली. खरंच, सगळ्यांत पुढे त्याची रिक्षा उभी होती. आबांची आमच्या मागे तिसरी होती, ती जागा रिकामी. आयुष्यात कधी कुणाचा नंबर न तोडलेल्या माणसाने भर दुपारी तो तोडला होता.

"तुनाच व्हता," मी म्हणालो. आणि पुढचंही बोललो, "तव्हय बी तुनाच व्हता. मी चुकनू."

त्याने एक प्यादं पुढे सरकवलं आणि "तुनी चाल" म्हणाला.

आबा आले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांना धारेवर धरलं. नंबर का तोडला? त्यांनी रुमालाने मान पुसली. म्हणाले, "पॅसेंजरले घाई व्हती." माझंच वाक्य. मी खाली मान घातली. आबा लगेच उठून काच पुसायला गेले.

ह्या हिवाळ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाने त्यांना सुरतेला नेलं. निघाले तेव्हाही डाव अर्धाच होता. आठ दिवसांत येतो म्हणाले, फौजेचा नियम पुन्हा बजावला. बारा दिवसांनी आबा गेल्याचा फोन आला. मला फार रडू आलं. रडताना धाकट्याने माझा खांदा धरला होता.

पट स्टँडवरच आहे. परवा एकाने विचारलं, आता लाल मोहरी काढायची का? धाकटा त्याच्यावर भडकला. आबांच्या राजाला मात कुणी दिली, ते आधी सांग म्हणाला.

मोहरी उभीच आहेत. आम्ही वळसा घालून खेळतो. माझी चाल झाली की धाकटा लगेच हात घालत नाही. फळी सावकाश फिरवतो, लाल फौज समोर आणतो आणि बघत बसतो. मीही घाई करत नाही.