उस्तादानं दोनदा विचारलं

दर सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेतले मास्तर मला बोलावतात. झेंडावंदन झालं की माईक हातात देतात आणि म्हणतात, "पोरांना सांगा, कष्टानं माणूस कसा घडतो ते." मी सांगतो. पाठीवर ओझं घेऊन रात्रंदिवस कसं चालायचं, एका बाटली पाण्यावर दिवस कसा काढायचा. पोरं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो, पण मी हसतो, चहा पितो आणि घरी येतो. तिथं जे सांगत नाही ते इथं लिहून टाकतो.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेपासून जवळ. थोडी शेती होती, पण बाप ओळखला जायचा विहिरी खोदणारा म्हणून. आमच्याकडे वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. सुरुंग उडाला की धूर बसायच्या आधी खाली उतरणारा पहिला माणूस म्हणजे आमचा बुढा. आमच्याकडे बापाला बुढाच म्हणतात, मग तो तिशीतला का असेना.

दहावीच्या सुट्टीत त्यानं मला एका कोरड्या विहिरीत उतरवलं आणि दोर वर ओढून घेतला. खडकात पाय ठेवायला खोबण्या होत्या. "ये आता वर," म्हणाला. मी अर्ध्यात अडकलो. ओरडलो, "बा, दोर टाक ना!" वरून उत्तर काय यावं? "काऊन बोंबलतं बे? दोर काय तुह्या सासऱ्याचा हाय?" आणि बिडी ओढत बसला. मी वर आलो तेव्हा दोन्ही गुडघे सोललेले. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "कोनाले हाक मारायची नाई. हाक मारली का मानूस अर्धा होते." स्वतः तो तसाच वागायचा. अंगात ताप फणफणत असला तरी पाण्याचा तांब्या उठून घ्यायचा. कुणाला बोलावताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

रोहिणखेडच्या रस्त्यावर पळून पळून मी फौजेत भरती झालो. तीन वर्षांनी कमांडोच्या निवडीसाठी नाव दिलं. सुट्टीत घरी सांगितलं तर बुढा म्हणाला, "जाय. पन अर्ध्यातून येऊ नको. लोकायले काय तोंड दाखवू?" खोकला त्याला तेव्हाच लागला होता. पण जन्मभर दगडाची धूळ खाल्लेला माणूस खोकणारच, त्यात काय मोठं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

निवडीचे तीन महिने असतात. पहिल्या दिवशी फोन जमा करून घेतले, डोकी भादरली, नावं काढून घेतली. मी सतरा नंबर झालो. तिथं तुम्हाला कुणी हाकलत नाही. तुम्हीच एक दिवस म्हणता, बस झालं. त्याचीच वाट बघत असतात ते. रात्रभर चालून पहाट झाली की पुढं गाडी उभी, तिच्यात गरम चहा, आणि उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारा, मायेनं म्हणणार, "बैठ जा बेटा, कौन देख रहा है?" जो बसला तो आपल्या जुन्या युनिटात परत. बराक भरून आलो होतो आम्ही, महिन्याभरात अर्ध्या खाटा रिकाम्या झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या पायाची नखं गेली. पाचव्या आठवड्यात दुखणं गेलं. आधी वाटलं, बरं झालं बुवा, सुटलो. मग लक्षात आलं की दुखणं एकटं गेलं नव्हतं. जेवणाला चव लागेना. शेजारचा चक्कर येऊन पडला तर त्याला ओलांडून जाताना काही वाटेना. घर आठवायचं म्हटलं तर दार आठवायचं, माणसं नाही.

माझ्या बाजूच्या खाटेवर हरयाणाचा एक जण होता, बैलासारखा दणकट. एका सकाळी उस्तादानं त्याला सांगितलं, "तेरी माँ बीमार है. जाना है तो जा." तो ढसाढसा रडला, कागदावर सही केली, सामान बांधलं. गाडीत चढताना उस्ताद म्हणाला, "माँ ठीक है. तू ठीक नहीं है." आम्ही रांगेत उभे होतो. त्याच्यासाठी वाईट वाटायला पाहिजे होतं. मला फक्त वाटलं, लेका, फसला की तू.

त्यानंतर आठवड्याभरानं, शेवटचा एक महिना उरलेला असताना, सकाळच्या हजेरीला उस्ताद माझ्यासमोर थांबला.

"सतरा. घर से फोन आया है. बाप सीरियस है, बुला रहा है. जाना है तो जा, अगली बार फिर शुरू से करना."

बुला रहा है! माझा बाप? मला आतल्या आत हसू आलं. अहो उस्ताद, थाप मारायची तर माणूस तरी बघून मारायची. बाकी कुणाचाही बाप बोलावेल, आमचा बुढा नाही बोलावणार.

"नहीं साब," मी म्हणालो.

"पक्का?"

"पक्का साब."

तो पुढं गेला. एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची त्याची रीत नव्हती. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. मी हुशार ठरलो होतो ना!

मी पास झालो. कमांडोची टोपी मिळाली त्या दिवशी उस्तादानं पहिल्यांदा मला माझ्या नावानं हाक मारली आणि खांद्यावर हात ठेवला. "उस दिन मैं झूठ नहीं बोल रहा था. तेरे भाई को मैंने बता दिया था कि तू नहीं आ रहा. चार दिन बाद उसका फिर फोन आया. बोला, पिताजी चले गए, अब उसको मत बताना, पूरा करके आने दो."

मी म्हणालो, "जी साब." सलाम ठोकला आणि टोपी बॅगेत ठेवली.

मलकापूरला उतरलो तर भूक लागलेली. स्टँडवर दोन प्लेट भजी खाल्ली. बाप मेलेल्याला एवढी भूक लागावी का, असं मनात आलं आणि गेलं. तेरवी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात पडून पुन्हा सगळ्यांनी रडायचं ही आमच्याकडची रीत. माय गळ्यात पडली, गल्लीतल्या बाया जमल्या. "रड रे बाप्पा, मोकळा होय," म्हणत राहिल्या. मला रडू येईना. ताठ उभा राहिलो, जसं शिकवलं होतं तसा. काकू बाहेर जाऊन बोललीच, "फौजेनं गोटा केला पोट्ट्याचा."

मग मायनं तोंड वर करून विचारलं, "तुले सांगतलं नाई का रे त्यायनं?"

भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नाई," मी म्हणालो.

"मुडदा बशिवला त्यायचा!" माय किंचाळली. भावानं तांब्या खाली ठेवला आणि गोठ्याकडे निघून गेला.

तेव्हापासून दर पितृपक्षात बुढ्याचं ताट वाढताना माय त्या उस्तादाला शिव्या देते. त्याचं वाटोळं होईल म्हणते, त्याच्या लेकरांनाही त्याचं तोंड पाहायला मिळणार नाही म्हणते. त्या बिचाऱ्यानं मला दोनदा विचारलं होतं. मी खाली मान घालून बसतो. दरवर्षी ठरवतो, आता सांगून टाकू. दरवर्षी नाही सांगत. भित्रा आहे मी, दुसरं काय.

मागच्या वर्षी माय कावळ्याला घास ठेवायला माळवदावर गेली आणि आम्ही दोघं भाऊ पानावर राहिलो. भाऊ वर न बघता म्हणाला, "मी बी खोटं बोललो होतो. बुढ्याले."

"काय बोलला?"

"तू येऊन राह्यला म्हनून. गाडीत बसला म्हनलो, मायच्या माघारी."

"मंग?"

"मंग काय. खाट दरवाज्याकडं फिरवाले लावली त्यानं. चार दिवस तिकडंच पाहे." त्यानं भात कालवला. "आखरीच्या दिवशी मलेच समजावून सांगे. म्हने, गाडी लेट असन."

वर माय कावळ्याला बोलवत होती. भावानं माझ्या ताटात कढी वाढली. मी जेवलो.