प्रिमितिवाच्या नावाचं घर

अलासितासच्या जत्रेत प्लास्टरची इवलाली घरं विकणाऱ्या प्रिमितिवा काल्यिसायाला स्वतःचं घर नाही, यावर सगळा बाजार हसायचा. या जत्रेत जे इवलंसं घेऊन धूप दाखवाल ते वर्षभरात खरं मिळतं, अशी तिथली श्रद्धा. पण चूक तिची नव्हतीच. दर जानेवारीत तिचा नवरा फाउस्तो तिच्याच दुकानातलं एक घर उचलायचा, दुपारी बाराच्या ठोक्याला विधी करणाऱ्या यातिरीबाबांकडून त्याला धूप दाखवून घ्यायचा आणि म्हणायचा, "यंदा घर होऊ दे!" बस्स, घर. मग मिळालं की! आधी त्याच्या भावाच्या गच्चीवरची खोली, नंतर त्याच्या आईचं घर. भांडण झालं की सासू विचारायची, "हे घर कुणाचं गं?" आणि प्रिमितिवा गाठोडं पाठीला बांधून बहिणीकडे झोपायला जायची.

त्या वर्षी तिने मनातलं घर घडवलं. दोन मजली, निळं दार, रस्त्याच्या अंगाला साच्यांसाठी खोली. जत्रेत खरेदीखताचे बोटभर कागदही मिळतात. लोक ते कोरेच नेतात. हिने एक कागद बारीक अक्षरात भरला: 'एल आल्तो, बहिणीच्या गल्लीत, तीन वर्षांच्या आत. मालक: प्रिमितिवा काल्यिसाया.'

"आणि मी?" फाउस्तोने विचारलं.

"तू राहा की. राहू नकोस असं कुठे लिहिलंय?"

"नुसतं घर म्हण ना बाई. देवाला सगळं कळतं."

"मागच्या खेपेला कळलं, आणि तुझी आई मिळाली!"

शेजारच्या दुकानातल्या बायका फिदीफिदी हसल्या. फाउस्तोचं डोकं फिरलं. त्याने ते घर छातीशी कवटाळलं. "दोघांची नावं घाल, तरच देतो."

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा सुरू झाली. ज्याने त्याने आपलं घर, आपली मोटार धुरावर धरली. प्रिमितिवाचे हात रिकामे. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने तो कागद तेवढा पुढे केला.

"घर कुठाय, पोरी?" यातिरीबाबांनी विचारलं.

"भिंती मी उद्याही ओतीन, बाबा. नावाला धूप घाला."

बाबांनी फाउस्तोकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघताय? लिहिलंय मी!"

बाबांनी कागदाला धूप घातला.

पुढे दिराने निम्म्या हिश्शात जागा देऊ केली. प्रिमितिवाने कागद काढून वाचला आणि नाही म्हणाली. "शिष्ट झालीय," सासू म्हणाली. झाली होतीच, आणि चांगलंच झालं. तीनाची पाच वर्षं लागली. दाराला अजून रंग नाही, विटाही उघड्याच आहेत. पण गल्ली बहिणीचीच, आणि खऱ्या खरेदीखतावर एकच नाव.

फाउस्तो तिथेच राहतो. दोघं अजून भांडतात, चांगली खणखणीत. परवाही जुंपली. सवयीने प्रिमितिवाचा हात गाठोड्याकडे गेला. मग ती थांबली आणि स्टुलावर ऐसपैस बसली. फाउस्तोने थोडा वेळ वाट पाहिली. शेवटी टोपी घातली आणि आईकडे झोपायला गेला.